मालकाचा वकील, कामगाराचा अंदाज

रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये बनवणारा एक कारखाना आहे. तिथे पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पगारपत्रकावर चार कंपन्यांची नावे येऊन गेली असतील. आधी कलर-केम. ही कंपनी १९५६ साली बायर आणि हेक्स्ट या जर्मन कंपन्यांच्या भागीदारीत उभी राहिली. मग २००६ मध्ये तिचेच नाव क्लॅरिएंट झाले, कारण हेक्स्टचा हा धंदा तोवर स्विस क्लॅरिएंटकडे गेला होता. २०२२ मध्ये क्लॅरिएंटने रंगद्रव्यांचा जगभरचा व्यवसाय विकला आणि जर्मनीची हॉयबाख मालक झाली. एप्रिल २०२४ मध्ये हॉयबाखचे दिवाळे वाजले. मार्च २०२५ मध्ये तिला विकत घेतले पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सने, आणि सुदर्शनचे स्वतःचे कारखाने आहेत रोह्याला आणि महाडला. शेजारच्या फाटकाचा मालक जर्मनीला वळसा घालून या फाटकाचा मालक झाला.

या खरेदीचे कौतुक झाले ते रास्तच होते. १८०६ पासूनचा इतिहास सांगणारी जर्मन कंपनी मराठी मुलखातल्या कंपनीने घ्यावी, याचा आनंद कुणाला होणार नाही? पण असा व्यवहार झाला की मला एक वेगळीच उत्सुकता लागते. मालक बदलतो त्या दिवशी वकील कोणाला काय सांगतात?

जर्मनीत कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा तिथल्या दिवाणी संहितेच्या ६१३-अ कलमाप्रमाणे प्रत्येक कामगाराला लेखी कळवावे लागते. हस्तांतर केव्हा होणार, का होणार, त्याचे परिणाम काय, आणि त्याच्यासाठी काय योजले आहे हे त्या पत्रात असावे लागते. ते मिळाल्यापासून महिनाभरात कामगार ‘मला नव्या मालकाकडे जायचे नाही’ असे सांगू शकतो. म्हणजे फ्रँकफर्टमध्ये कारखाना घेणाऱ्या पुणेकर कंपनीला तिचा जर्मन वकील पहिल्याच बैठकीत कामगारांच्या पत्राविषयी बोलणार.

इकडे काय होते? आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९४७ पासून नसले तरी पुढे घातलेले २५-एफएफ नावाचे एक कलम होते, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही त्याचा वारस आहे. कारखाना दुसऱ्याकडे गेला आणि नोकरीत खंड पडला किंवा अटी खालावल्या, तर कपातीसारखी भरपाई द्या, असे ते सांगते. मात्र फ्रँकफर्ट किंवा झुरिकमध्ये मूळ कंपनीचे शेअर हस्तांतरित झाले, तर रोह्याच्या कामगाराचा मालक कायद्याच्या नजरेत बदलतच नाही. तीच कंपनी, तोच नोंदणी क्रमांक, नाव तेवढे वेगळे. त्यामुळे कळवायचे कोणाला आणि कशासाठी? भागधारकाचे मात्र तसे नाही. सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत कंपनीचे नियंत्रण बदलले की किरकोळ भागधारकांना ठरावीक किमतीला बाहेर पडण्याची जाहीर संधी द्यावी लागते. ती देणारे सविस्तर पत्र त्यांच्या पत्त्यावर जाते. दहा शेअर धरणाऱ्याला पत्र येते. त्याच कारखान्यात वीस वर्षे तिसरी पाळी केलेल्याला फाटकावर नवा रंग लागलेला दिसतो.

मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. परदेशी कंपन्यांना कामगार कायद्याचा सल्ला देणारी मोठी वकिली पेढी हा आता आपल्या औद्योगिक जीवनातला एक कायमचा घटक आहे. तिचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, कित्येकदा कामगाराच्या भल्याचाही असतो. पण कायदा प्रत्यक्षात जसा राबतो तसा तो आता त्या सल्ल्यातच लिहिलेला असतो, आणि तो सल्ला एकाच बाजूला वाचायला मिळतो. दुसऱ्या बाजूला उरतो अंदाज.

सल्ल्यात काय असते हे गूढ नाही. परदेशी कंपनी भारतात येते तेव्हा तिला कळत नाही ते मुख्यतः हे : इथे ‘कामगार’ नेमका कोण? आपल्या कायद्यात नोकरी करणारे दोन जातींचे आहेत. एक, ज्याला काढायचे तर कारण, नोटीस, भरपाई आणि कधी सरकारची परवानगी लागते. दुसरा, ज्याला नेमणूकपत्रात लिहिलेला महिन्याचा किंवा तिमाहीचा पगार देऊन निरोप देता येतो. व्यवस्थापक दुसऱ्या रांगेत. देखरेख करणाराही दुसऱ्या रांगेत, त्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर. जुन्या कायद्यात ती मर्यादा दहा हजार होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत अठरा हजार आहे. मग नेमणूकपत्रात कोणते पद लिहावे, कामाचे वर्णन कसे करावे, कोणाच्या हाताखाली किती माणसे दाखवावीत, हा सगळा सल्ल्याचा विषय होतो. न्यायालये पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, हेही चांगला वकील सांगतो. म्हणजे कामाचे वर्णन नुसते लिहून भागत नाही, ते खरे ठरेल अशी व्यवस्थाही लावावी लागते.

सीमेन्सच्या कळव्याच्या कारखान्यातला खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. २००७ मध्ये कंपनीने कामगारांतून ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ नेमण्यासाठी अर्ज मागवले. युनियनचे म्हणणे असे की, ही माणसे उद्याही उत्पादनाचेच काम करणार आहेत, फक्त ऑफिसर म्हटल्याने ती युनियनच्या कक्षेतून बाहेर जातील, त्यामुळे ही अनुचित कामगार प्रथा आहे. औद्योगिक न्यायालयाला ते पटले, मुंबई उच्च न्यायालयालाही पटले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. बढती ऐच्छिक होती आणि व्यवस्थापनाला आपल्या कामाची रचना करण्याचा अधिकार आहे, असे त्याचे सार. निकाल चुकला असे मी म्हणत नाही. मला त्यातले दुसरेच काही दिसते. ही सीमेन्स जर्मनीत १९७६ च्या सहनिर्णय कायद्याखाली येते, आणि तो कायदा दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सदस्य कामगारांचे असावेत असे म्हणतो. म्हणजे जिथे मालक कामगाराच्या प्रतिनिधीशेजारी बसून कंपनीचे धोरण ठरवतो, त्याच घराण्यातली कंपनी कळव्याला आली की कोणाला ऑफिसर म्हणावे यावर चार वर्षे कोर्टात उभी राहते. कंपनीचा स्वभाव विमानप्रवासात बदलत नाही. तिला मिळणारा सल्ला बदलतो, कारण सल्ल्याखालचा कायदा बदलतो.

उलटीही उदाहरणे आहेत, आणि ती लपवायचे कारण नाही. कलर-केमच्याच कारखान्यातली गोष्ट. रात्रपाळीत यंत्र चालू ठेवून झोपले म्हणून कामगारांना बडतर्फ केले गेले, तेच काही सहकारी हलक्या शिक्षेवर सुटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, चुकीच्या मानाने धक्का बसावा इतकी कठोर शिक्षा हीसुद्धा छळवणूकच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याचा हा अर्थ आजही कामगार न्यायालयांत रोज उच्चारला जातो. त्याआधी १९९५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले होते की, बडतर्फी व्हायची वाट बघायला नको, ती येऊ घातली असली तरी तक्रार करता येते. म्हणजे या राज्यातल्या कामगार कायद्याचे दोन महत्त्वाचे आधार परदेशी मुळांच्या कंपन्यांशी झालेल्या भांडणांतून आले. पण ते आले तंट्याच्या शेवटाला, कित्येक वर्षांनी. सल्ला येतो सुरुवातीला.

हा सल्ला ज्याला वाचायला मिळत नाही तो कामगार बघायचा तर महाडजवळच्या वीर स्टेशनात जावे. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत आला. पुढचे बोगदे आणि पूल होईपर्यंत गाडी इथेच थांबत होती. दुसरा रूळही २०२१ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंतच आला. त्यामुळे सत्तेचाळीस किलोमीटरच्या या पट्ट्याची दोन टोके म्हणजे दोन रासायनिक वसाहती झाल्या, तिकडे धाटाव आणि इकडे बिरवाडीकडची महाड एमआयडीसी. वीर स्टेशनात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले पाठीवर एक बॅग घेऊन उतरतात. त्यांच्या मोबाइलमध्ये ठेकेदाराचा नंबर असतो, कंपनीचे नाव कधी असते, कधी नसते. त्यांना विचारा, ‘कुठे लागलात?’ तर उत्तर येते, ‘ठेकेदार बतायेगा.’ महाड-पोलादपूरची माणसे पूर्वी मुंबईच्या गिरणीत लागत, तेव्हा निदान गिरणीचे नाव सांगत. त्या गिरण्यांच्या जागांवर लोअर परळला आता ज्या इमारती उभ्या आहेत त्यांत मोठ्या वकिली पेढ्यांची कार्यालये आहेत. हा योगायोग आहे, त्याचा मोठा अर्थ काढू नये. पण परळला लिहिलेल्या चार ओळी वीरला उतरणाऱ्याचा मालक ठरवतात, एवढे खरे.

कशा ठरवतात? आकड्यांनी. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस माणसांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने तो आकडा पन्नासवर नेला, आणि नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही पन्नासच आहे. कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारी परवानगी लागायची ती शंभर कामगारांना, आता तीनशेंना. मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असे संहिता म्हणते, पण तिथेच अपवादांची यादीही जोडते. सफाई, सुरक्षा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम ही कामे मुख्य समजू नयेत, हंगामी वाढलेले काम वेगळे धरावे, वगैरे. परदेशी कंपनीला ही यादी वाचून दाखवणे वकिलाचे कामच आहे. त्यात लबाडी नाही. पन्नासचा उंबरठा सरकारने घातला आहे, एकोणपन्नासचा सल्ला त्यातून आपोआप निघतो. सरकारला ते दिसत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

स्थानिकांचा प्रश्नही असाच. ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या’ ही महाड एमआयडीसीच्या फाटकावरची जुनी घोषणा. राज्याच्या शासन निर्णयांप्रमाणे ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या आहेत. परदेशी ग्राहक घाबरून वकिलाला विचारतो, हे बंधनकारक आहे का? वकील सांगतो, शासन निर्णय म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे, सवलती घेणार असाल तर त्याच्याशी गाठ पडते, नाहीतर संबंध सांभाळण्यापुरते बघा. हे उत्तर त्या ग्राहकाला अर्ध्या तासात मिळते. घोषणा देणाऱ्या पोराला ते पंधरा वर्षांत कोणी सांगितलेले नसते. तो आमदाराकडे जातो, आमदार निवेदन देतो, फोटो येतो.

आपल्या कायद्याने हा असमतोल ओळखला नव्हता असे नाही. उलट फार पूर्वीच त्याच्यावर एक तोडगा काढला होता, आणि तो मोठा धाडसी होता. औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमाने समेटाच्या कामात वकिलाला बंदी घातली. न्यायाधिकरणात वकील उभा करायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी हवी. विचार साधा होता : वकील नसला तर मालक आणि कामगार समोरासमोर येतील, पैशाने विकत मिळणारी हुशारी बाजूला राहील. १९७६ मध्ये पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक वाट ठेवली. वकील जर मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असेल, तर तो पदाधिकारी म्हणून उभा राहू शकतो. नव्या संहितेतही ही बंदी जवळपास तशीच आली आहे. पण हा तोडगा वकिलाला फक्त दालनाबाहेर ठेवतो. नेमणूकपत्र, ठेकेदाराचा करार, बदलीचे धोरण, चौकशीचे प्रश्न, बडतर्फीचे पत्र हे सगळे आधीच वकिलाच्या हातून गेलेले असते. समेट अधिकाऱ्यासमोर कंपनीचा एचआर मॅनेजर येतो तो त्या फायलीसह. युनियनचा माणूस येतो तो अनुभवासह. अनुभव कमी नसतो, पण तो फायलीला उत्तर नाही.

वकिलांवरून आपल्याकडे जी लढाई झाली ती वेगळ्याच मैदानात झाली. नव्वदच्या दशकात तीन परदेशी पेढ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे संपर्क कार्यालये उघडली : व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि अॅशर्स्ट. लॉयर्स कलेक्टिव्ह मुंबई उच्च न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २००९ च्या निकालाने ठरवले की, वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे, सल्ला देणे आणि मसुदे करणे हीसुद्धा वकिलीच आणि ती भारतात नोंदणी झालेल्यांनीच करायची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कायम केले, फक्त परदेशी वकिलाला अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यायची मुभा ठेवली. २०२३ मध्ये बार कौन्सिलने नियम करून दार काहीसे किलकिले केले. या सगळ्या वादात भारतीय वकिलांच्या पोटापाण्याविषयी भरपूर बोलले गेले. सार्वभौमत्व, परस्पर सवलत, दर्जा, सगळे बोलले गेले. पण त्या निकालात एक फार मोलाचा अर्थ दडला होता, आणि तो कोणी कामगारांपर्यंत नेला नाही : सल्ला हीच वकिली आहे. न्यायालय जर मानते की कायद्याचे खरे काम सल्ल्यातच होते, तर दालनात वकील नको आणि सल्ल्यात हवा, या ३६ व्या कलमाच्या रचनेला अर्थ काय उरला?

इथे मला दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, परदेशी कंपन्यांना उगाच झोडपू नका. त्या वेळेवर पगार देतात, भविष्य निर्वाह निधी भरतात, लैंगिक छळाविरुद्धची समिती खरोखर नेमतात, हेल्मेट देतात. खरे आहे. ज्याने महाडला एखाद्या छोट्या देशी कंपनीत आणि मग मोठ्या परदेशी कंपनीत काम केले आहे, तो फरक सांगेल. आणि याचे श्रेय वकिलालाही जाते. तपासणी करणारा सरकारी निरीक्षक आता ‘निरीक्षक आणि सुविधादाता’ झाला आहे, संगणकाने निवडलेल्या ठिकाणी जातो. त्यामुळे परदेशी कंपनीच्या कारखान्यात किमान वेतन दिले जाते का, ठेकेदाराने निधी भरला का, हे आज सर्वांत बारकाईने तपासतो तो कंपनीने नेमलेला वकील. मालक बदलताना तर फारच, कारण विकत घेणाऱ्याला जुन्या थकबाकीची भीती असते. म्हणजे खाजगी कामगार निरीक्षक आपल्याकडे आधीच आहे. फक्त त्याचा अहवाल गोपनीय आहे.

दुसऱ्या आक्षेपाला मी जास्त वजन देतो : ही गोपनीयता वकिली व्यवसायाचा पाया आहे, ती मोडली तर कोणी खरे विचारणारच नाही. मान्य. अशिलाला मिळालेला सल्ला उघड करा असे मी म्हणत नाही. पण बघा, जिथे कायद्याला हवे तिथे तो कंपनीला बोलायला लावतो. भांडवल बाजारात उतरणारी प्रत्येक कंपनी माहितीपत्रकात धोक्यांचे एक लांबलचक प्रकरण छापते. चालू खटले, परवान्यांची स्थिती, अपघाताची शक्यता, कामगार अशांततेची शक्यता. वकील ते लिहितात, सेबी वाचते, गुंतवणूकदाराला मिळते. ब्लू जेट हेल्थकेअरचा शेअर १ नोव्हेंबर २०२३ रोजी बाजारात नोंदला गेला. ३ नोव्हेंबरला तिच्या महाडच्या कारखान्यात स्फोट झाला, अकरा कामगार आत अडकले आणि मृतदेह काढायला एनडीआरएफचे पथक यावे लागले. ही कंपनी भारतीय. तेव्हा इथे परदेशी-स्वदेशीचा प्रश्न नाही, आणि स्फोटाच्या कारणाविषयीही मी काही सुचवत नाही. मला फक्त दोन कागदांची तुलना करायची आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४१-बी कलम घातले गेले. धोकादायक प्रक्रियेतले धोके आणि उपाय कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगितलेच पाहिजेत, असे ते कलम. ४१-एच कलमाने कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. गुंतवणूकदारासाठीचा कागद शेकडो पानांचा असतो आणि तो कोणालाही आज डाउनलोड करता येतो. कामगारासाठीचा कागद बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा फलक आहे, आणि ठेक्यावरचा मुलगा ओडिशाचा असला तर तो फलक त्याच्या भाषेत नाही.

चवदार तळ्याच्या गावात हे लिहिताना एक आठवण टाळता येत नाही. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले. कागदावर हक्क पूर्ण होता. मार्च १९२७ च्या महाड परिषदेपर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावता आला नव्हता. त्या परिषदेच्या तयारीत पुढे असलेले महाड तालुक्यातले रा. बा. मोरे नंतर मुंबईत कामगार चळवळीत गेले. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरच्या संपात उतरले. त्या विधेयकात संप करण्यावर जे निर्बंध होते त्यांना त्यांचा विरोध होता. अस्पृश्यतेचे दुःख आणि नेमणूकपत्राची गुंतागुंत एका तराजूत घालणे हा मोठा अपमान ठरेल, तो मी करत नाही. पण हक्क लिहिला जाणे आणि हक्कापर्यंत पोचता येणे यांत किती अंतर असते, हे महाडला तरी पुन्हा शिकवायला नको.

मग उपाय काय? तो शोधायला मला पुन्हा जर्मनीतच जावे लागते, कारण तिथे त्यांनी नेमक्या या जागी बोट ठेवले आहे. पाच कामगार असलेल्या आस्थापनेतही तिथे कामगारांना आपली परिषद निवडता येते. आणि त्या परिषदेच्या कामाचा खर्च, त्यात गरजेचा कायदेशीर सल्लाही, मालक भरतो. तज्ज्ञ नेमायचा तर मालकाशी सहमती लागते, वकिलाचे बिल अवाजवी असेल तर मालक ते नाकारू शकतो, त्यावर भांडणेही होतात. पण तत्त्व पक्के आहे. कंपनी आपल्या वकिलाला पैसे देते ते कंपनीच्याच पैशातून, आणि त्या पैशात कामगाराचाही घाम आहे. तर मग दुसऱ्या बाजूचे बिलही त्याच तिजोरीतून का नको? या एका कलमाने कामगार पहिल्या दिवशीच दालनात येतो, तंट्याच्या दहाव्या वर्षी नव्हे.

आपल्याकडे यासाठी जागा आहे, ती रिकामी आहे. १९७६ मध्ये घटनेत ४३-अ कलम आले, व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची तरतूद करण्याचे निर्देश देणारे. १९९० मध्ये तसे विधेयक राज्यसभेत आले आणि कायदा न होताच विरले. शंभर कामगार असलेल्या कारखान्यात वर्क्स कमिटी असावी हे १९४७ पासून लिहिलेले आहे आणि नव्या संहितेतही आहे. बहुतेक कारखान्यांत तिची बैठक म्हणजे कँटीनची भाजी आणि बसच्या वेळा. या समितीला फक्त एक गोष्ट जोडा : मालकी, कंत्राटी व्यवस्था, कपात किंवा बंद यांपैकी काही बदलणार असेल तर समितीला आधी लेखी कळवायचे आणि तिला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायला वाजवी खर्च द्यायचा. जर्मन कंपनीला तरी हे परके वाटणार नाही. तिच्या घरी ती हेच करते.

याची किंमत उद्योगाला परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी तळेगावकडे बघावे. जनरल मोटर्सने तिथले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवले. चौदाशेहून अधिक कामगार कपात आणि कारखानाबंदीच्या प्रश्नावर लढत राहिले, प्रकरण न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात गेले. आधी चीनच्या ग्रेट वॉलला कारखाना विकायचे ठरले होते, ते केंद्राच्या परवानगीअभावी २०२२ मध्ये मोडले. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला, जमीन, इमारती आणि यंत्रे घेण्याचा. माणसे त्या यादीत नव्हती. कारखाना चालू अवस्थेत न विकता मालमत्ता म्हणून विकला, की नव्या मालकावर जुन्या कामगारांची जबाबदारी येत नाही. हा वकिलांच्या जगात नेहमीचा आणि कायदेशीर मार्ग आहे. पण कंपनीचा वकील, खरेदीदाराचा वकील, सरकारचा वकील असे सगळे वकील त्या तीन वर्षांत कामाला होते. कामगारांच्या वकिलाला खटल्यात काम मिळाले, व्यवहाराच्या आखणीत नाही. शंभर-दोनशे तासांच्या सल्ल्याची बचत केल्याने झालेला तोटा कोणाचा किती, याचा हिशोब आता कोणी मांडायचा?

मी संसदेने नवा कायदा करेपर्यंत थांबायला सांगत नाही. वेतन करार दर तीन-चार वर्षांनी होतात. महाड एमआयडीसीत पुढच्या करारात युनियनने पगारवाढ आणि बोनस यांच्या खाली एक ओळ लिहावी : कंपनीच्या मालकीत, ठेका पद्धतीत किंवा उत्पादनात मोठा बदल होण्याआधी कामगार प्रतिनिधींना कळवण्यात येईल आणि त्यांच्या कायदेशीर सल्ल्याचा ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च कंपनी देईल. सहीने झालेला करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो, त्याला सरकारची मेहेरबानी लागत नाही. परदेशी कंपनीचे मुख्यालय अशा ओळीला फार विरोध करील असे मला वाटत नाही. खर्चाच्या खात्यात ती रक्कम दिसणारही नाही. विरोध झालाच तर तो आपल्याच युनियनच्या जुन्या पुढाऱ्यांकडून होईल. ‘कायद्याचं आम्ही बघतो, तुम्ही कामावर जा’ हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षे वापरले आहे. कामगार समितीच्या हातात स्वतंत्र वकिलाचे लेखी मत आले, तर ते वाक्य पुन्हा वापरता येणार नाही, हे त्यांना कंपनीच्या आधी कळेल.